शेवात कसा पाळायचा: ज्यू पंचांगातल्या झाडांच्या महिन्याची तोंडओळख

ज्यू पंचांगाची ओळख करून घ्यायची म्हटलं की बहुतेक जण तिश्री महिन्यापासून सुरुवात करतात, कारण नवं वर्ष, योम किप्पूरचा उपास, मांडवांचा सण असे सगळे मोठे दिवस त्याच महिन्यात येतात. मला ते पटत नाही. तिश्रीत सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, खच्चून भरलेलं असतं, प्रार्थना तासन् तास हिब्रूत चालतात, आणि प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानपासून पोरासोरांपर्यंत कुणालाच नवख्या माणसाजवळ बसून चार गोष्टी समजावून सांगायला सवड नसते. त्यापेक्षा शेवातपासून सुरुवात करा. या महिन्यात मोठा दिवस एकच येतो. त्या दिवशी उपास नसतो, कामधंदा बंद ठेवावा लागत नाही, आणि सण साजरा होतो तो फळं खाऊन. शिवाय आम्हा बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचा उरूसही याच दिवशी भरतो.

बेने इस्राएल घरात सून किंवा जावई म्हणून आलेल्यांसाठी हे लिहितोय. आजोबांच्या काळात सिनेगॉगशी असलेलं नातं पुन्हा जोडू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितोय, आणि शेजारच्या पेणकर किंवा दिवेकर कुटुंबाकडून ‘मलिद्याला या’ असं आमंत्रण आलेल्यांसाठीही. मलिदा म्हणजे गोड पोह्यांची थाळी आणि तिच्याभोवती होणारी प्रार्थना.

आधी तारीख नक्की करा

निसानपासून मोजलं तर शेवात हा अकरावा महिना. इंग्रजी जानेवारी-फेब्रुवारीत येतो. ज्यू पंचांग आपल्या पंचांगासारखंच चंद्रावर चालतं आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना घेतं. महिना अमावास्येनंतरच्या कोरीपासून सुरू होतो, त्यामुळे शेवातची १५ तारीख हमखास आपल्या पौष किंवा माघ पौर्णिमेच्या आगेमागे पडते. या दिवसाला तू बिश्वात म्हणतात. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते आणि ‘तू’ म्हणजे १५.

२०२७ साली तू बिश्वात २३ जानेवारीला आहे आणि २०२८ साली १२ फेब्रुवारीला. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. ज्यू दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून २३ जानेवारीचा सण २२ तारखेच्या संध्याकाळीच, मुंबईच्या घड्याळानं साडेसहाच्या सुमारास लागतो. कॅलेंडरवर खूण करताना आदल्या संध्याकाळीही करा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०२७ आणि २०२८ या दोन्ही वर्षी तू बिश्वात शनिवारी, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, शब्बाथलाच येतो. एरवी तू बिश्वातला दुकान उघडता येतं, गाडी चालवता येते, गॅस पेटवता येतो. शब्बाथ पाळणाऱ्या घरात शनिवारी यातलं काहीच चालत नाही. त्यामुळे मलिदा कधी होणार, शुक्रवारी रात्री, शनिवारी तारे दिसल्यावर की रविवारी, हे यजमानांना आठवडाभर आधी विचारून घ्या. नारळ खवणं, फळं धुणं, पोहे निवडणं ही कामं शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत उरकलेली बरी.

या दिवसाचा अर्थ

मिश्नात, म्हणजे इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ज्यू धर्मशास्त्रात, वर्षाच्या चार सुरुवाती सांगितल्या आहेत. राजांच्या कारकिर्दी आणि सणांचा क्रम निसानपासून मोजायचा, जनावरांचा दशांश एलुलपासून, सालांची मोजदाद तिश्रीपासून आणि झाडांचं वर्ष शेवातपासून. झाडांच्या तारखेवरून दोन परंपरांत मतभेद झाला. शम्मायच्या अनुयायांनी १ शेवात धरली, हिल्लेलच्या अनुयायांनी १५. मान्य झालं ते हिल्लेलकडचं मत.

सरकारी हिशेबात १ एप्रिलला जे महत्त्व, तेच झाडांच्या हिशेबात १५ शेवातला. इस्राएलच्या भूमीत पिकलेल्या फळांतला ठरावीक वाटा बाजूला काढावा लागे. सात वर्षांच्या चक्रात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी वरचा दशांश जेरुसलेमला नेऊन खायचा, तर तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी तो गरिबांना द्यायचा. मग झाडावरचं हे फळ कोणत्या वर्षाचं, हे ठरवायला एक तारीख लागणारच. ती १५ शेवातच का? तर तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि या तारखेपर्यंत त्याचा बराचसा भाग पडून गेलेला असतो. झाडात रस चढू लागतो. बदामाचं झाड तर पानं फुटायच्या आधीच पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातं. नव्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं खायची नाहीत, हा तोराहचा, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचा, नियमही याच मोजणीवर चालतो.

म्हणजे हा दिवस मुळात हिशेबाचा. त्याला सणाचं रूप पुढे आलं. सोळाव्या शतकात उत्तर इस्राएलातल्या गालीलमधल्या सफेद नावाच्या गावी कब्बाला या गूढविद्येचे मोठे अभ्यासक जमले. तू बिश्वातच्या रात्री फळं आणि चार पेले द्राक्षरस घेऊन बसायची रीत त्यांच्याच परंपरेतून पसरली. आधुनिक इस्राएलात हा वृक्षारोपणाचा दिवस झाला. इस्राएलच्या संसदेची पहिली बैठकही १४ फेब्रुवारी १९४९ रोजी, तू बिश्वातलाच भरली होती.

ताटात काय ठेवायचं

तोराहमध्ये इस्राएलच्या भूमीची सात पिकं सांगितली आहेत: गहू, जव, द्राक्षं, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि खजूर. ताटाची सुरुवात यांच्यापासून करा. यातल्या बहुतेक गोष्टी महाराष्ट्रात घरच्याच आहेत, याचा मला दरवर्षी आनंद होतो. या दिवसांत नाशिकची द्राक्षं बाजारात उतरू लागतात, सोलापूरचं डाळिंब असतं, पुरंदरचं ताजं अंजीर नशिबात असेल तर मिळतं. ऑलिव्ह बरणीतले आणावे लागतात. खजूर कुठेही मिळतो. बोरं, पेरू, चिकू, संत्रं ही हंगामातली फळंही ठेवा. यंदा अजून न चाखलेलं एखादं फळ मुद्दाम राखून ठेवा, त्याचं कारण पुढे येतंच.

सुकं अंजीर तसंच्या तसं ताटात ठेवू नका. कोशर, म्हणजे काय खावं आणि काय नाही, याच्या नियमात किडे वर्ज्य आहेत आणि अंजिरात ते बेमालूम लपतात. प्रत्येक अंजीर मधोमध चिरा, आतली बाजू बाहेर उलटवा आणि खिडकीच्या उजेडात धरून बघा. बियांचे पिवळे दाणे गोल आणि एकसारखे दिसतात. मध्येच काळसर लांबट ठिपका, जाळीसारखा धागा किंवा भुकटी दिसली, तर ते अंजीर बाजूला काढा. खजुराचीही बी काढून आत नजर टाका. पावकिलो अंजिरांना पाऊण तास सहज जातो, म्हणून हे काम मुलांना बरोबर घेऊन आदल्या दिवशी करा.

बराखा: या दिवसाचं खरं काम

फळ नुसतं तोंडात टाकलं तर तो फळाहार झाला. खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वादाला आम्ही बराखा म्हणतो, आणि तू बिश्वात हा बराखा नीट शिकण्याचा दिवस आहे. सुरुवात सगळीकडे एकच असते: ‘बारूख अत्ता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम’. म्हणजे, हे परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, तू धन्य आहेस. शेवट तेवढा पदार्थाप्रमाणे बदलतो.

झाडाच्या फळाला ‘बोरे पेरी हाएत्स’ म्हणायचं. जमिनीतून येणाऱ्या पिकाला ‘बोरे पेरी हाअदामा’. द्राक्षरसाला ‘बोरे पेरी हागाफेन’. नवखा माणूस केळ्यापाशी चुकतो. केळ झाडासारखी उंच दिसते खरी, पण तिला लाकडी खोड नसतं आणि घड उतरला की ती संपते. म्हणून केळ्याला ‘हाअदामा’. अननसाला तेच, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही तेच. नारळ मात्र झाडाचं फळ.

ताटात बरीच फळं असली की प्रत्येकाला वेगळी बराखा लागत नाही. एका प्रकारच्या सगळ्या फळांसाठी एकदाच म्हणायची, पण हातात कोणतं फळ धरून म्हणायची याला क्रम आहे. सात पिकं सांगणाऱ्या तोराहच्या वचनात ‘भूमी’ हा शब्द दोनदा येतो आणि त्याच्या जितकं जवळ, तितका त्या फळाचा मान मोठा. त्यामुळे फळांत पहिला मान ऑलिव्हचा, मग खजूर, द्राक्षं, अंजीर आणि डाळिंब. ऑलिव्हची चव न आवडणाऱ्यांनी खजूर हातात घेतला तरी चालतं. मुद्दाम राखून ठेवलेल्या नव्या फळासाठी ‘शेहेहेयानू’ म्हणायचं. आम्हाला जगवलंस, सांभाळलंस आणि या घडीपर्यंत आणलंस, म्हणून त्यात देवाचे आभार मानलेले असतात. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना माझा गळा दरवर्षी भरून येतो.

हिब्रू वाचता येत नसेल तर देवनागरीत लिहून घ्या आणि कागद बघून म्हणा. आमच्या आज्यांनी प्रार्थना अशाच, मराठी अक्षरांतून पाठ केल्या. पाहुण्यानं बराखा म्हटलीच पाहिजे असं नाही. दुसऱ्यानं म्हटल्यावर ‘आमेन’ म्हणा, पण बराखा आणि पहिला घास यांच्यामध्ये बोलू नका.

चार पेले

सफेद गावची रीत करून बघायची असेल तर चार पेले लागतात. पहिला पूर्ण पांढरा, दुसरा पांढऱ्यात थोडा लाल, तिसरा लालात थोडा पांढरा आणि चौथा पूर्ण लाल. हिवाळ्याच्या पांढऱ्यापासून बहराच्या लालापर्यंतचा हा प्रवास. पेल्यांच्या मधोमध फळं खायची तीही तीन गटांत: आधी बाहेरून कवच असलेली, म्हणजे अक्रोड, बदाम, डाळिंब, मग आत बी असलेली, म्हणजे खजूर, ऑलिव्ह, शेवटी पूर्ण खाता येणारी, म्हणजे अंजीर, द्राक्षं.

कोशर वाइन इथे सहज मिळत नाही. बेने इस्राएल घरांत किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथला पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, मनुकांचं सरबत करतात, तेच इथे वापरा. काळ्या मनुका धुऊन रात्रभर भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात कुस्करा आणि फडक्यातून पिळून घ्या. साखर घालायची नाही. फिकट पेल्यांसाठी असंच सरबत बेदाण्यांचं करा.

मलिदा

आता आमचा खास भाग. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की आमचे पूर्वज समुद्रातून येताना अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे ही मंडळी तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून शनिवार तेली म्हणून ओळखली गेली. हिब्रू विसरली, पण ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि खाण्याचे नियम टिकले. एलियाहू हन्नाबीवरची श्रद्धाही तशीच टिकली. अग्नीच्या रथातून स्वर्गात गेलेला हा संदेष्टा अडीअडचणीला धावून येतो, असं आम्ही मानतो. त्याच्या रथाची तसबीर आमच्या कितीतरी घरांच्या भिंतीवर दिसेल. नवस बोलायचा तो त्यालाच, आणि फेडायचा मलिदा करून. लग्नात, नव्या घरात, मुलगा परदेशी निघाला की मलिदा होतो. तू बिश्वातला तर होतोच.

अर्धा किलो पोह्यांना एक मोठा नारळ आणि दीड वाटी साखर घ्या. पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवा, पण भिजवून लगदा करू नका. बोटांत दाबले तर मऊ लागावेत आणि सोडले की सुटे व्हावेत. त्यात खवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, थोडं जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप आणि बेदाणे हलक्या हातानं कालवा. दूध घालायचं नाही. जेवणात कोंबडी असते, आणि मांस व दूध एका जेवणात चालत नाही. आमच्या गोडाधोडात नारळाचा रस इतका दिसतो तो याचमुळे. मोठ्या थाळीत मलिद्याची रास करा, भोवती फळं आणि खजूर मांडा, वर गुलाबपाकळ्या आणि सब्जाच्या डहाळ्या ठेवा. सुवासाचीही बराखा असते, म्हणून सब्जा विसरू नका.

हज्जान किंवा घरातलं कुणी जाणतं माणूस प्रार्थना सुरू करतं. एलियाहू हन्नाबीचं गाणं सगळे मिळून म्हणतात. नंतर बराखा होतात, थाळीतलं फळ वाटलं जातं आणि शेवटी मलिदा. हातात आलेलं लगेच तोंडात टाकू नका, बराखा होईपर्यंत थांबा. पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी नसेल तर घरात ज्यादा असतेच, ‘काका, एक टोपी द्या’ एवढं म्हणायचं. बायका डोक्यावर ओढणी किंवा पदर घेतात. भेट न्यायची तर अख्खी, न चिरलेली फळं न्या. घरी शिजवलेलं काही नेऊ नका. मिठाईसुद्धा नको, कारण तिच्यात काय पडलंय ते यजमानांना कळायला मार्ग नसतो.

खंडाळ्याला जायचं असेल तर

एलियाहू हन्नाबीचं ठिकाण अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला आहे. लोणावळ्याशेजारच्या खंडाळ्याची गाडी पकडू नका. तिथल्या खडकावर उमटलेल्या खुणा त्याच्या रथाच्या चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या आहेत, तो इथूनच वर गेला, अशी आमच्या वाडवडिलांची श्रद्धा. तू बिश्वातच्या सुमारास मुंबई, ठाणे, पुण्याहून कुटुंबं येतात, इस्राएलला गेलेलेही सुट्टी जुळवून येतात. मुंबईहून गेटवे किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोटीनं उतरून पुढे रस्त्यानं जाणं सोयीचं. खडकावर चपला घालून चढू नका आणि खुणा खरवडू नका. त्याच फेरीत अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग आणि नवगावचं जुनं दफनस्थान व स्मारक बघून घ्या. सिनेगॉगमध्ये ओळखपत्र मागतात, ते जवळ ठेवा आणि आधी फोन करून वेळ विचारा. शब्बाथला फोटो काढायचे नाहीत.

महिन्यातले बाकीचे दिवस

१ शेवातला रोश होदेश, म्हणजे महिन्याची सुरुवात. तोराहप्रमाणे मोशेनं आपल्या शेवटच्या वर्षी याच दिवशी लोकांना सगळा नियम पुन्हा समजावून सांगायला घेतला. त्यामुळे काही वाचायला सुरुवात करायची असेल तर हा मुहूर्त चांगला.

तू बिश्वातच्या आसपासच्या शनिवारी समुद्र दुभंगल्यानंतरचं गीत सिनेगॉगमध्ये वाचतात, म्हणून त्याला शब्बाथ शिरा म्हणतात. काही ज्यू घरांत त्या दिवसासाठी पाखरांना दाणे टाकतात. हा शब्बाथ २०२७ आणि २०२८ मध्ये नेमका तू बिश्वातलाच येतो. दाणे शुक्रवारीच गच्चीत टाकून ठेवा.

झाड लावण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. इस्राएलात पाऊस हिवाळ्यात, म्हणून तिथे ते या दिवशी लावणं शहाणपणाचं. कोकणात जानेवारीत आंब्याचं रोप जमिनीत लावलं तर उन्हाळ्यात ते जगवताना दमछाक होते. तू बिश्वातला घरी कुंडीत बी पेरा आणि जूनमध्ये पाऊस धरला की रोप जमिनीत हलवा. तुमचे नातेवाईक इस्राएलात असतील तर त्यांनाही आठवण द्या: दर सातवं वर्ष तिथे जमिनीच्या विश्रांतीचं असतं. पुढचं तसं वर्ष सप्टेंबर २०२८ ला सुरू होतं, त्यामुळे २०२९ च्या तू बिश्वातला नियम पाळणारे लोक तिथे झाड लावणार नाहीत. भारतातल्या जमिनीला तो नियम लागू नाही.

शेवात नेहमी ३० दिवसांचा असतो. तिसावा दिवस अदारचा रोश होदेश म्हणूनच पाळतात, म्हणजे पुढच्या महिन्याचं स्वागत दोन दिवस चालतं. २०२७ मध्ये अधिक महिना असल्यानं अदार दोन आहेत. पुरीमचा सण दुसऱ्या अदारमध्ये, २३ मार्चला येतो. आमच्या जुन्या पिढीत पुरीमला होळीचा सण म्हणायचे, आणि त्या वर्षी तो खरोखरच होळीला लागून आहे. पुरणपोळीचं सामान आत्ताच लिहून ठेवा.